उसनी जनुकपत्रिका

अकराव्या आठवड्यात तेजलला रक्त न घेताच घरी पाठवलं गेलं.

"तुमची पत्रिका एकदम स्वच्छ आहे हो," प्रसूतिगृहातली सिस्टर पडद्यावरून बोट फिरवत म्हणाली. "तीनशे ओळी, एकही लाल नाही. बाळाच्या जनुकांची तपासणी लागणारच नाही. सगळ्यांचं असं असतं तर आम्हाला दुपारी झोप काढता आली असती."

तेजल हसली. तिच्या डाव्या हातात पर्स होती. ती नेहमीच असे, आणि नेहमीच गरजेपेक्षा थोडी जड असे.

पत्रिका स्वच्छ होती, यात शंका नव्हती. फक्त ती तेजलची नव्हती.

फलटणच्या नवगिऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणा ना कुणाचे हात जोडीने चालत. उजव्या हाताने घास उचलला की डावा हातही रिकाम्या हवेतून घास उचलून तोंडाशी येई. उजवा हात कुलूप उघडी तेव्हा डावा नसलेलं कुलूप उघडी. घरात या हातांना नाव होतं, जोडहात. तेजलच्या पप्पांचे हात असेच. त्यांचं बाशिंगांचं दुकान होतं आणि त्या एका कामात जोडहात फळाला येत: डाव्या अंगाची पाकळी आणि उजव्या अंगाची पाकळी एकाच वेळी, एकाच वळणाने वळली जाई. नवगिऱ्यांच्या बाशिंगात केसाचा फरक सापडायचा नाही, असं गिऱ्हाईक म्हणे. कात्री मात्र पप्पांना धरवत नसे. कातरकाम मम्मीकडे.

पप्पांच्या बहिणीचे, शैलाआत्याचेही हात तसेच. लग्नानंतर आठ महिन्यांनी तिला सासरच्यांनी परत आणून सोडलं. ताटात डावा हात येतो, वाढताना डावा हात हलतो, अपशकुनी दिसतं, एवढंच कारण. आत्या परत आली, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून बाशिंगं करू लागली आणि पाकळ्या वळताना स्वतःशीच गुणगुणू लागली:

उजवा माझा हात, डावा त्याचा पाठचा भाऊ
एकाला बोलावलं, दुसरा म्हणे मीही येऊ

तेजल त्या ओवीवर झोपी जायची. आणि जागेपणी शिकायची, हात लपवायला. जेवताना डावा हात मांडीखाली. चारचौघांत डाव्या हातात काहीतरी जड, म्हणजे तो फार हलत नाही. लिहायचं तर डावा हात ओढणीच्या आत. पाहुणे बघायला आले तेव्हा ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. ट्रे दोन्ही हातांनीच धरतात. नमस्कारही दोन्ही हातांनीच करतात. नवगिऱ्यांना तो दिवस सोपा गेला.

या हातांचं कारण तसं साधं आहे, आणि ते जन्माच्या फार आधी घडून जातं. गर्भात मेंदू तयार होत असताना त्याच्यातून लांब धागे निघतात आणि मणक्याच्या दिशेने खाली उतरतात. मानेच्या किंचित वर एक मधली रेघ असते. तिथे बहुतेक धाग्यांनी बाजू बदलायची असते: डाव्या मेंदूचा धागा उजव्या हाताकडे, उजव्या मेंदूचा डाव्या हाताकडे. रेघेवरून एक रसायन सुटत असतं. धाग्याच्या टोकावर त्याचा वास घेणारं एक प्रथिन असतं आणि त्या वासाच्या मागावर धागा वाट काढतो. हे प्रथिन घडवणारं जनुक आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं मिळतं. दोन्ही प्रती चांगल्या असल्या की वास पुरेसा येतो. एक बिघडलेली असली की नाक अर्धंच उरतं. काही धागे रेघेशी घोटाळतात आणि न ओलांडता आपल्याच बाजूने खाली जातात. मग मेंदूचा एक भाग हाक मारतो एका हाताला, आणि ती दोघांनाही ऐकू जाते. साधारण सतराव्या आठवड्यात ओलांडायचे ते धागे ओलांडून झालेले असतात. त्यानंतर वाट बदलत नाही.

तेजल लहान होती तेव्हा लोक लग्नाआधी ग्रहांची पत्रिका बघत. ती पंचविशीत आली तोवर जनुकांची बघू लागले होते. सरकारने ती काढली थॅलेसेमिया आणि सिकलसेल टाळायला. लग्न जमवणाऱ्यांनी तिच्यात आपला फायदा पाहिला. एकही लाल ओळ नसलेल्या मुलीला चार ठिकाणांहून विचारणा होई.

शाळेत या पत्रिकेसाठी थुंकी गोळा करायचं शिबिर लागलं त्या दिवशी पप्पा मम्मीला म्हणाले होते, "मंगळ असला की लोक दुसरी पत्रिका करून घेतात की नाही? त्यातलंच समज."

आणि तेजलच्या नावाच्या नळीत जुई थुंकली. जुई म्हणजे मामाची मुलगी. नवगिऱ्यांचं रक्त तिच्यात नव्हतं. सकाळी ती स्वतःच्या नावाने थुंकली, दुपारी पाळीवरची माणसं बदलल्यावर तेजलच्या. दोन माणसांच्या पत्रिका एकमेकींशी ताडून बघायला कायद्याने बंदी होती, त्यामुळे दोन सारख्या पत्रिका राज्याच्या नोंदीत सुखाने शेजारी राहिल्या.

त्या पत्रिकेवर तेजलचं लग्न झालं, कराडच्या कौस्तुभशी. तो शेतावर औषध फवारणारे ड्रोन दुरुस्त करायचा. त्याची आई शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिने सुनेची पत्रिका तपासायच्या वहीसारखी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती.

लग्नानंतरच्या चार वर्षांत एक नवी गोष्ट झाली होती. ज्या धाग्यांना रेघ ओलांडता येत नाही, त्यांच्यावर इलाज निघाला होता. त्याची मुदत होती पंधराव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत. आणि तो मिळायचा पत्रिकेवर लाल ओळ असलेल्या आयांनाच.

*

"गप्प राहा," पप्पा म्हणाले. त्यांचे हात चालूच होते. डावीकडे एक सोनेरी पाकळी वळली, उजवीकडे तशीच एक. "झालं तर झालं. माझं काय अडलं? पोट भरलं ना?"

"आत्याचं अडलं होतं."

"म्हणूनच सांगतो, गप्प राहा."

मम्मी आतून म्हणाली, "खाजगी दवाखान्यात नाही का होत? नाव न सांगता?"

"पत्रिकेचा नंबर सगळीकडे लागतो, मम्मी."

जुई दुकानाच्या पायरीवर बसली होती. तेजल येणार म्हणून ती साताऱ्याहून मुद्दाम आली होती. दोघी एकमेकींशी लहानपणापासून भांडून बोलत आणि बोलून भांडत.

"माझ्याकडे काय बघतेस?" जुई म्हणाली. "थुंकी उसनी दिली तुला. आता बाळ कुठून उसनं देऊ?"

"खरं सांगितलं तर तुझंही नाव येईल."

"येऊ दे. सांग, एका मूर्ख मुलीने बहिणीसाठी दोनदा तोंड उघडलं." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "तेजे, मला त्यातलं कळत नाही. पण एक खोटं बोललीस ते तुझ्या लग्नासाठी. आता गप्प राहिलीस तर ते कुणासाठी?"

पप्पांचे दोन्ही हात एकदम थांबले. थोड्या वेळाने ते पुन्हा चालू झाले.

*

चौदावा आठवडा लागला त्या रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी कारल्याची भाजी केली होती. दर रविवारी करत. पत्रिकेत ओळ होती: कडू चव जवळजवळ लागत नाही. मुलगा कारलं तोंडात घेत नसे. अखेर घरात एक कारलं खाणारं माणूस आलं याचा त्यांना मनापासून आनंद होता.

तेजलने डावा हात मांडीखालून काढला आणि ताटाशेजारी ठेवला. मग उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला.

डाव्या हातानेही मोडला. तिथे भाकरी नव्हती.

ती घास तोंडाशी घेऊन गेली. दोन्ही हात वर आले, एक भरलेला, एक रिकामा. तिने घास चावला, गिळला आणि सगळं सांगितलं. कोर्टातल्या साक्षी यंत्राने लिहिल्या की त्या ऐकून चुका काढायच्या, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे तिचं सांगणंही साक्षीसारखं झालं: तारीख, ठिकाण, कोण हजर होतं. कुठेही अडखळली नाही. फक्त हातांना कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं.

सासूबाई बराच वेळ तिच्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या.

"मला वाटायचं तू डावखुरी आहेस," त्या म्हणाल्या. "माहेरी मारून मारून उजवी केली असेल. शाळेत अशी पोरं खूप पाहिली मी. म्हटलं, विचारून लाजवायचं कशाला." मग काहीतरी आठवून त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे ती पत्रिका त्या जुईची. सगळी?"

"सगळी."

"मग कारलं?"

"कडू लागतं, आई. फार कडू लागतं."

"चार वर्षं?"

"चार वर्षं."

सासूबाईंनी हात लांब करून तिच्या पानातली कारल्याची वाटी उचलली. रागाने की दयेने, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं. "बाई गं," एवढंच त्या म्हणाल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या.

कौस्तुभने जेवण पुरं केलं, ताट उचललं, हात धुतला. मग दारात उभा राहून म्हणाला, "तपासणी कधी करायची ते सांग. मी येतो."

त्यानंतर तीन दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला.

*

आईच्या रक्तात बाळाच्या जनुकांचेही तुकडे फिरत असतात. तेजलची खरी पत्रिका आणि बाळाची तपासणी एकाच नळीतून झाली. चार दिवसांनी डॉक्टर इनामदारांनी दोघांना समोर बसवलं. त्या सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. प्रत्येक वाक्यानंतर थांबत, म्हणजे ऐकणाऱ्याला त्यावर बसता यावं.

"बिघडलेली प्रत बाळाकडे आली आहे," त्या म्हणाल्या. "पण ती आली म्हणजे हात जोडीने चालणारच, असं नाही. अशा दहा मुलांत चारांचे चालतात. सहांना कधी कळतही नाही. कोण कुठल्या बाजूला जाईल ते आज सांगता येत नाही."

"आणि इलाज?" कौस्तुभने विचारलं.

"नाळेतून एक औषध देतो. चांगल्या प्रतीला ते दुप्पट कामाला लावतं. शंभरातल्या सत्त्याण्णव बाळांचे धागे नीट ओलांडून जातात."

"उरलेली तीन?"

"धागा रेघेत शिरतो आणि तिथेच अडकतो. इकडेही नाही, तिकडेही नाही. एक हात जन्मभर अशक्त राहतो. मूठ वळत नाही." त्या थांबल्या. "निर्णय आईचा असतो. कायद्याने सही फक्त तिची. शनिवारी पंधरावा आठवडा संपतो, तोवर सांगा."

तो बुधवार होता.

घरी सासूबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. "इलाज आहे म्हटल्यावर करायचा," त्या म्हणाल्या. "सत्त्याण्णव म्हणजे पहिल्या वर्गात पास. आणखी काय हवं?"

"नापास झालेल्या तीन पोरांची नावं तुम्हाला अजून आठवतात, आई," तेजल म्हणाली. "पास झालेल्यांची नाही."

ते खरं होतं.

*

शुक्रवारी संध्याकाळी ती कौस्तुभच्या शेडमध्ये गेली. तो एका ड्रोनचा पंखा बसवत होता. तिने न विचारता स्क्रूंची डबी धरली.

"हे बघ," तो ड्रोनकडे बोट दाखवत म्हणाला. दहा-बारा दिवसांत त्याने पहिल्यांदाच आपणहून काही दाखवलं होतं. "सहा पंखे. प्रत्येकाला वेगळी आज्ञा. एकाची आज्ञा दुसऱ्याने ऐकली की हे उसात जाऊन पडतं. मी रोज असली पडलेली यंत्रं उचलतो."

"मी अजून पडले नाही."

"शिडी चढतेस?"

"नाही."

"पानभर लिहिलंस तर?"

"खांद्यापर्यंत दुखतं. डावा हात थांबवून धरायला लागतो ना, तो जास्त दुखतो. लिहिणारा कमी." ती थांबली. "सोपं आहे असं मी म्हणतच नाही. शाळेत मला नाचातून काढलं होतं. गाडी शिकवायला कुणी तयार नव्हतं. ते सगळं धर तू हिशेबात. पण मला कुणी विचारलं असतं, हे टाळायला शंभरात तीन वेळा एक हात द्यायला तयार होतीस का, तर मी नाही म्हणाले असते. हात दुखतो. पण आहे."

"मी असतो तर इलाज केला असता," कौस्तुभ म्हणाला.

"माहीत आहे."

"तरी तू नाही म्हणणार."

"हो."

त्याने पाना खाली ठेवला. "हातांचं मला काही नाही गं. अर्धवट झोपेत तू माझा हात धरतेस ना, तेव्हा दुसऱ्या हाताने चादर धरतेस. घट्ट. मला ते आवडायचं. मला वाटायचं, ही हिची झोपायची तऱ्हा. आता विचार करतो, ते तरी खरं धरू की तेही शिकवून पाठवलेलं?"

डबीतले स्क्रू खळखळले. ती दोन्ही हातांनी डबी धरून होती.

"ते शिकवलेलं नव्हतं," ती म्हणाली. "झोपेत मला लपवता येत नाही."

तो पाना उचलून पंखा आवळू लागला. मग म्हणाला, "उद्या किती वाजता जायचं?"

शनिवारी तेजलने नकारावर सही केली. कौस्तुभ बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आत आला नाही, पण निघूनही गेला नाही. परतताना वाटेत दोघांनी उसाचा रस घेतला. सोळावा आठवडा लागला, सतरावा गेला. पोटात कुठेतरी काही धाग्यांनी रेघ ओलांडली असेल, काहींनी नसेल.

*

मुलगी झाली. नावं पुन्हा जुनी ठेवायची लाट आली होती. तिचं नाव इंदू ठेवलं. तिने एक मूठ उघडली की दुसरी उघडे. पाहुणे बघत आणि मग तेजलकडे बघत. डॉक्टर इनामदार म्हणाल्या, तान्ह्या बाळांचे हात असेच चालतात, सगळ्यांचेच. मेंदूला एका हाताला गप्प बसवायला शिकायलाच सहा-सात वर्षं लागतात. तोवर कुणाला काहीही सांगता येणार नाही.

"म्हणजे सात वर्षं वाट बघायची?" सासूबाईंनी विचारलं.

"सात वर्षं वाढवायची," डॉक्टर म्हणाल्या.

इंदू तीन महिन्यांची झाल्यावर ते तिची पत्रिका नोंदवायला जनुकपत्रिका कार्यालयात गेले. त्याच खिडकीवर तेजलची दुरुस्त पत्रिकाही मिळणार होती. तिचा आणि जुईचा जबाब झाला होता, दोघींना लेखी ताकीद मिळाली होती. पप्पांनी महिनाभर फोन घेतला नव्हता, मग एक दिवस नातीचा आवाज ऐकायला घेतला होता.

खिडकीतल्या कारकुनाने तेजलच्या पत्रिकेचा कागद सरकवला. कौस्तुभने तो तिथेच उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मागे रांगेत चुळबूळ झाली.

"अहो, घरी जाऊन वाचा की," कारकून म्हणाला.

"घरी वाचली होती. ती दुसऱ्याच बाईची निघाली," कौस्तुभ म्हणाला आणि वाचत राहिला. एका ओळीवर थांबून त्याने तेजलकडे पाहिलं. "तुला पहाटे आपोआप जाग येते?"

"येते."

"मग साडेसातपर्यंत पडून का असतेस?"

"आई उठायच्या आधी स्वयंपाकघरात गेलं की त्यांना बरं वाटत नाही."

कारकुनाने घसा साफ केला. "बाळाच्या पानाचं सांगा. उघडं ठेवायचं की झाकायचं? एक लाल ओळ आहे." मग आवाज खाली आणून, घरच्यासारखा, "मुलगी आहे. पुढे लग्नाबिग्नाचं बघावं लागतं. अठरा वर्षांपर्यंत झाकता येतं. सगळे झाकतात."

कौस्तुभने 'उघडं' या चौकटीसमोर सही केली आणि कागद तिच्याकडे दिला.

तेजलने पेन घेतलं आणि ती थबकली. इलाजाला नाही म्हणताना ती इतकी घाबरली नव्हती. आता मात्र शैलाआत्याची मागची खोली तिच्या डोळ्यांसमोर आली. 'झाकलेलं' ही चौकट बोटाच्या अंतरावर होती. झाकणं तिला येत होतं. आयुष्यभर ती दुसरं काही इतकं नीट शिकलीच नव्हती.

"थोडी वर्षं झाकू या का?" तिने हळूच विचारलं. "हिचे हात कसे होतात ते कळेपर्यंत?"

"सही तुझी आहे," कौस्तुभ म्हणाला. त्याने इंदूला तिच्या डाव्या हातावरून आपल्याकडे घेतलं, पर्सही तिच्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर अडकवली. "मी नुसता उभा आहे."

डाव्या हातात धरायला आता काही उरलं नव्हतं. तेजलने कागद सरळ केला, कौस्तुभच्या सहीखाली टोक टेकवलं आणि नाव लिहायला घेतलं. खिडकीच्या फळीवर डावा हात तिच्याबरोबर निघाला: तोच काना, तीच मात्रा, उलट्या अंगाने, हवेत.

रांगेतली माणसं बघू लागली. कारकून पुढे वाकला.

"ताई, त्या हाताने काय करताय?"

तिने सही पुरी केली, खाली रेघ ओढली.

"तोही सही करतोय," ती म्हणाली.